सहावा रकाना

सकाळी साडेनऊला वाळू अजून गार असते.
आमची वाळू काळी, लोखंडाचा चुरा आहे तिच्यात.
दुपारी ती तव्यासारखी तापते
आणि ऑकलंडहून आलेली माणसं
चटके चुकवत, उड्या मारत पाण्याकडे पळतात,
बघता बघता कमरेपर्यंत.

त्याच्या आधी बर्नी पाणी वाचतो.
वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे.
चहाचा मग कठड्यावर ठेवून
तो समुद्राकडे असा बघतो
जसा दुकानदार जुन्या उधारीवाल्याकडे.
मग बोट दाखवतो : ते बघ.
मला दिसतं दोन फेसांमधलं गुळगुळीत पाणी,
हिरवंगार, या या म्हणणारं.
तीच ती, तो म्हणतो. ओढ.
लाट जिथे फुटत नाही
तिथूनच समुद्र घरी जातो.

तिच्यापासून साठ पावलं मोजून आम्ही झेंडे रोवतो,
अर्धे लाल, अर्धे पिवळे.

मी एरवी शाळेची बस चालवते.
चव्वेचाळिसाव्या वर्षी परीक्षा दिली :
चारशे मीटर, नऊ मिनिटांच्या आत.
मला लागली आठ मिनिटं छप्पन्न सेकंद.
रंगिमारी आमची कप्तान, वय एकोणीस,
घड्याळ नाकासमोर धरून म्हणाली,
चार सेकंद उरलीत, जपून खर्च कर.

बहुतेक दिवशी काहीच होत नाही.
कुणाला जेलीफिश चावते, कुणाची आई हरवते.
आम्ही सॉसेज भाजून विकतो,
त्यातून बोटीचं पेट्रोल.

आणि मग जानेवारीतला तो माणूस.
बुडणारा ओरडत नाही, हे शिकवलेलं होतं;
तोंड पाण्याच्या रेषेवर, हात पुढे,
न दिसणारी शिडी चढल्यासारखे.
तो खरंच छपरं घालणारा निघाला नंतर.
पण तेव्हा त्याची एकेक पायरी
पायाखाली विरघळत होती.

बुडत्याला काडीचा आधार, म्हणतात.
काडी मी होते
आणि त्याचं वजन एकशेदहा किलो.
त्याने माझी मान धरली. मी खाली गेले, सुटले,
लाल ट्यूब दोघांच्या मधे खुपसली.
नाव काय तुमचं? विचारलं.
मी ठीक आहे, तो म्हणाला.
पाण्यात सगळेच ठीक असतात.
टोफा बोट घेऊन आला तोवर
मी त्याला तीनदा नाव विचारलं.

किनाऱ्यावर ओकून झाल्यावर
तो चिडला : माझा गॉगल गेला.
बायकोने आधी पाठीत धपाटा घातला,
मग त्याला टॉवेलात गुंडाळलं.
जाताना त्याने दोन सॉसेज घेतले,
वीसची नोट ठेवली, सुटे घेतले नाहीत
आणि माझ्याकडे बघितलं नाही.
बर्नी म्हणाला, राहू दे.
शरम ओली असते तोवर हात लावू नये.

संध्याकाळी नोंदवही माझ्याकडे असते.
वारा : नैर्ऋत्य. लाट : दीड मीटर. माथी : दोनशे दहा.
जेलीफिश : तीन. सुटका : एक.
सहाव्या रकान्याला नीट नाव नाही,
आम्ही म्हणतो, आधीच अडवलेले.
दोन नातवंडांना घेऊन भलतीकडेच निघालेली
ती टोपीवाली बाई, जिला मी म्हटलं,
थोडं इकडे या ना, इथे बरं आहे पाणी.
बोट फुगवून आलेली ती चार पोरं,
ज्यांनी मला शिवी दिली आणि तरी सरकली.
आता ती सगळी गाडीत असतील,
सीटवर वाळू, पुढे कोण बसणार यावर भांडण,
कुणाला लागलेली झोप.
आज त्यांच्या आयुष्यात काहीही घडलेलं नाही.

रंगिमारी झेंडे उपटते.
दोन भोकं राहतात, त्यांत पाणी झिरपतं.
मी लिहिते : सतरा.
पेनात वाळू गेली आहे, शाई अडते.
मी सात पुन्हा गिरवते.